बंदूक कुलपात, लेकरू सुखात



या पत्रिकेत आपण नेहमी बेणे, लागवड, खोडवा, पाणीपाळी आणि उसाचे बिल यांविषयी वाचता. या खेपेस आम्ही जरा वेगळा विषय घेतला आहे. विषय आहे आपल्या घरातल्या बंदुकीचा, आणि त्याच घरात खेळणाऱ्या लेकराबाळांचा.

"नालवाडीच्या पत्रिकेत बंदुकीचं काय काम जी?" असे कोणी विचारील, आणि ते विचारणे रास्तच आहे. हा परिसर चरख्याचा. १९३२ साली विनोबाजी नालवाडीस राहावयास आले, १९३४ साली येथे ग्रामसेवा मंडळ उभे राहिले, १९३६ साली गांधीजी शेगावी म्हणजे आजच्या सेवाग्रामी येऊन राहिले. अशा मुलखात बंदुकीचे नाव काढतानाही माणूस कचरतो. परंतु सभासदांच्या वावरात रात्री जाऊन पाहिले म्हणजे दुसरी बाजू दिसते. रानडुकराला ऊस म्हणजे दाट लपण आणि गोड खाद्य, दोन्ही एका जागी. एका रात्रीत कळप शिरला तर सकाळी आडवा झालेला ऊस पाहून डोळ्यांत पाणी येते. रोह्यांचा त्रास वेगळाच. म्हणून कोणी जागलीला जातो, कोणी मचाण बांधतो, आणि काही सभासदांकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची बंदूक असते.

बंदूक असावी की नसावी, हा वाद आम्ही येथे घालणार नाही. ज्याच्या घरी ती आहे, त्याने ती घरात कशी ठेवावी, एवढेच सांगावयाचे आहे. कारण या बाबतीत आपल्याकडे फार ढिलाई आहे, आणि त्या ढिलाईची किंमत मोजावी लागली तर ती लेकराच्या जिवाने मोजावी लागेल.

एका दुपारची गोष्ट

गेल्या गाळप हंगामातली गोष्ट. आमचे एक शेतकी मदतनीस उसाच्या नोंदीसाठी एका सभासदाच्या घरी गेले होते. गाव आणि नाव सांगण्याचे कारण नाही. ओसरीवर चहा झाला, बोलता बोलता रानडुकरांचा विषय निघाला. आजोबा म्हणाले, "आता बंदूक आहे, पण डोळे नाही राह्यले."

तेवढ्यात सात-आठ वर्षांचा नातू आत गेला, धान्याच्या कोठीमागून बंदूक ओढत बाहेर आला, आणि पाहुण्यांना दाखवावी म्हणून उभा राहिला. नळी पाहुण्यांकडे, बोट चापाजवळ. मदतनीस जागचे हलले नाहीत. आजोबा हसत म्हणाले, "भिऊ नका जी, भरेल नाही ते."

मुलाचा बाप घरातच होता. त्याने हळूच बंदूक काढून घेतली आणि नळीत गज घालून पाहिला. गज तळापर्यंत गेला नाही. बंदूक भरलेली होती. पोळ्याच्या सुमारास जागलीसाठी बार भरला होता, त्या रात्री जनावर आले नाही, आणि बंदूक तशीच कोठीमागे जाऊन बसली. तीन-चार महिने ती तेथे होती. घरात तीन लेकरे होती.

त्या दिवशी काही झाले नाही. पण आमचे मदतनीस आम्हास म्हणाले, "साहेब, त्या घरात कोणी वाईट माणूस नव्हता. सगळे शहाणे होते. तरी बंदूक भरलेली होती." हे वाक्य आमच्या मनातून गेले नाही, म्हणून हा लेख.

भरलेली बंदूक घरात येते कशी

हे समजून घेण्यासाठी ठासणीच्या बंदुकीची रीत पाहावी लागेल. पीक संरक्षणासाठी परवाना मिळतो तो बहुधा अशाच बंदुकीचा. तिच्या नळीत तोंडाकडून दारू घालतात, वर बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने सारे ठासून बसवितात. मागे कानाशी टोपी बसवितात. घोडा ओढून चाप दाबला की घोडा टोपीवर आदळतो, ठिणगी आत जाते आणि बार उडतो.

खरी अडचण येथेच आहे. बारा बोअरची काडतुसाची बंदूक नळी वाकवून क्षणात रिकामी करता येते. ठासणीची बंदूक तशी रिकामी होत नाही. ती रिकामी करण्याचा सरळ मार्ग म्हणजे बार उडविणे. पहाटे थकूनभागून घरी येणारा माणूस विचार करतो, "दारू कशाला वाया घालवायची? उद्या परत जायचंच आहे." उद्या पाऊस येतो, परवा लग्न निघते, आणि भरलेली बंदूक खुंटीला लटकत राहते.

काही जण म्हणतात, "आम्ही टोपी काढून ठेवतो, मग काय होते?" टोपी काढणे चांगलेच आहे. पण टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असे नव्हे. दारू आत आहेच. चूल, चिलीम, बिडी, कशाचीही ठिणगी तिला पुरते. शिवाय टोप्यांची डबी बहुधा त्याच कोनाड्यात असते. जो मुलगा आजोबांना टोपी बसविताना रोज पाहतो, त्याला ती बसविणे शिकवावे लागत नाही.

"आमच्या पोराला समजतं"

हा विषय काढला की दहापैकी नऊ सभासद एकच उत्तर देतात: "आमचं पोरगं हात लावत नाही. त्याला सांगून ठेवलं आहे." आई-बापाचा हा भरवसा स्वाभाविक आहे. पण तो कितपत टिकतो, याची एक परीक्षा झालेली आहे.

अमेरिकेत अटलांटा शहरी काही डॉक्टरांनी ८ ते १२ वर्षे वयाच्या ६४ मुलांवर एक प्रयोग केला. त्याचा अहवाल २००१ साली प्रसिद्ध झाला. मुलांना दोन-दोन तीन-तीनच्या गटाने एका खोलीत काही मिनिटे सोडले. खोलीतल्या खणात एक खरे पिस्तूल लपविले होते. त्यात गोळी नव्हती आणि ते उडणार नाही अशी व्यवस्था केली होती. डॉक्टर काचेआडून पाहत होते. ६४ पैकी ४८ मुलांना पिस्तूल सापडले. त्यांतील ३० मुलांनी ते हाती घेतले. १६ मुलांनी चाप इतक्या जोराने दाबला की खरी गोळी असती तर ती सुटली असती. ज्यांना पिस्तूल सापडले त्यांपैकी जवळजवळ निम्म्यांना ते खेळण्यातले वाटले, किंवा खरे की खोटे हे सांगता आले नाही.

आता पुढची गोष्ट नीट ध्यानी घ्या. ज्या मुलांनी पिस्तूल हाताळले किंवा चाप दाबला, त्यांतील शंभरात नव्वदांहून अधिक मुलांना बंदुकीच्या धोक्याविषयी आधी काही ना काही शिकविलेले होते. सांगितले होते, तरी हात गेला.

यात मुलांचा दोष नाही. नवी वस्तू दिसली की हाती घेऊन पाहणे हा त्या वयाचा धर्म आहे. पाण्याच्या मोटरीचे बटण दाबून पाहणारे, बैलाच्या शिंगाला हात लावून पाहणारे पोर बंदुकीपुढेच तेवढे शहाणे होईल, असे आपण का मानावे? म्हणून आमचे सांगणे इतकेच आहे की मुलाला जरूर सांगा, पण भरवसा त्याच्या अकलेवर ठेवू नका. भरवसा कुलपावर ठेवा.

२००५ साली अमेरिकेतच दुसरा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या घरांतील बंदुकीने मुलाला इजा झाली किंवा त्याचा जीव गेला ती घरे, आणि बंदूक असूनही तसे काही न घडलेली घरे, यांची तुलना केली गेली. चार गोष्टी मुलांचे रक्षण करतात असे दिसून आले: बंदूक कुलपात ठेवणे, ती रिकामी ठेवणे, काडतुसे कुलपात ठेवणे, आणि काडतुसे बंदुकीपासून वेगळ्या जागी ठेवणे. या चारपैकी एकही गोष्ट महाग नाही, आणि आपल्या गावचा लोहार नि आपली कुलपाची किल्ली यांच्यावर भागणारी आहे.

पुलगावचा धडा

दारूगोळा म्हणजे काय, हे वर्धा जिल्ह्याला दुसऱ्या कोणी सांगावयास नको. आपल्या पुलगावला सैन्याचे मोठे दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तेथे आग लागली, स्फोट झाले, आणि आग विझविण्यास धावलेले अधिकारी, जवान व अग्निशमन दलाचे कर्मचारी मृत्युमुखी पडले. आसपासच्या गावांतील माणसे रात्रीच घरे सोडून बाहेर पडली. आपल्यापैकी कित्येकांना तो दिवस आठवत असेल.

जेथे पहारा आहे, नियम आहेत, शिकलेली माणसे आहेत, आग विझविण्याची साधने आहेत, तेथेही दारू दगा देते. मग जेथे बंदुकीच्या दारूचा डबा चुलीमागच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असतो, त्या घराचे काय? आपल्या घरचा डबा छोटा आहे हे खरे, पण आपले लेकरूही छोटेच आहे.

घरात काय करावे

आता कामाच्या गोष्टी क्रमाने सांगतो.

१. बंदूक उंबरठ्याच्या आत रिकामीच यावी. हा घरचा पहिला नियम समजा. चपला बाहेर काढतो तसा बारही बाहेरच. वावरात गरज पडेपर्यंत बंदूक भरूच नये, म्हणजे रिकामी करण्याचा प्रश्न कमी येतो. भरली आणि बार झाला नाही, तर घरी परतण्यापूर्वी वावरातच, मागेपुढे माणूस, जनावर, झोपडी, रस्ता नाही हे पाहून, मातीच्या जाड धुऱ्याकडे तोंड करून बार मोकळा करावा. बार जुना झाला असेल, ओला झाला असेल, तर स्वतः गज घालून उकरीत बसू नये. परवाना असलेल्या बंदूक दुरुस्तीवाल्याकडून तो काढून घ्यावा.

२. काडतुसाची बंदूक असेल तर नळी वाकवून डोळ्याने पाहावे, बोटाने चाचपावे. "मी काढली होती" या आठवणीवर जाऊ नये. दुनळी असेल तर दोन्ही नळ्या पाहाव्या.

३. बंदुकीसाठी लोखंडी पेटी किंवा कपाट असावे. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून पत्र्याची लांब पेटी करून घेता येते. ती भिंतीला किंवा जमिनीला पक्की बसवावी, म्हणजे पेटीसकट चोरी होणार नाही. पेटी होईपर्यंत निदान चापाच्या कडीतून साखळी ओवून ती खांबाला कुलूपबंद करावी. काडतुसाच्या बंदुकीची नळी आणि दस्ता वेगळे करता येतात. ते वेगळे करून ठेवले तर अधिक चांगले.

४. काडतुसे, दारू, टोप्या आणि छर्रे दुसऱ्या डब्यात, दुसऱ्या कुलपात, दुसऱ्या खोलीत असावे. जागा कोरडी आणि चुलीपासून, दिव्यापासून, विजेच्या बोर्डापासून दूर असावी. कोठीत, देवघरात, गादीखाली, अंथरुणाच्या घडीत ठेवू नये. मोजून ठेवावे आणि मोजून काढावे. पाच काडतुसे होती आणि चारच सापडली, तर पाचवे सापडेपर्यंत जेवायला बसू नये.

५. किल्ली परवानाधारकाच्या अंगावर असावी, करगोट्याला किंवा आतल्या खिशात. खुंटीवर, देवाच्या फोटोमागे, पिठाच्या डब्यात ठेवलेली किल्ली ही लपविलेली किल्ली नव्हे. घरातले लहान पोर घराचा प्रत्येक कोपरा आपल्यापेक्षा अधिक जाणते. गूळ कोठे ठेवला हे ज्याला सापडते, त्याला किल्लीही सापडते.

६. घरच्या माउलीला हे सारे ठाऊक असावे. बंदूक कुलपात आहे की नाही, हे विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे. लेकरू दिवसभर तिच्या नजरेखाली असते. बंदुकीची गोष्ट पुरुषांची म्हणून तिला बाजूस ठेवणे चूक आहे.

७. सणासुदीला आणि उन्हाळ्याच्या सुटीत अधिक सावध असावे. नागपूर-पुण्याहून भाचे येतात. त्यांनी बंदूक फक्त पडद्यावर पाहिलेली असते. घरच्या मुलाला पाहुण्या भावंडापुढे मोठेपणा मिरवायचा असतो. अशा वेळी घात होऊ शकतो.

"पण डुक्कर आलं तर कुलूप उघडत बसायचं का?" हा आक्षेप आम्ही अनेकदा ऐकला. याचे उत्तर साधे आहे. डुक्कर घराच्या ओसरीवर येत नाही, ते वावरात येते. घरून वावरात जायला जो वेळ लागतो, त्यापुढे कुलूप उघडण्याचा वेळ काहीच नाही. आणि जागल ही ठरवून केलेली गोष्ट आहे. सायंकाळी पेटी उघडून बंदूक न्यावी, सकाळी रिकामी करून परत पेटीत ठेवावी. मधल्या दिवसभरात तिचे घरात काहीच काम नाही.

वावरातली काळजी

ऊसतोडीच्या दिवसांत वावरात तोडणी कामगारांच्या कोप्या पडतात. त्यांची लहान लेकरे धुऱ्यावर, पाचटात, बंडीखाली खेळत असतात. आई-बाप पहाटेपासून तोडणीत गुंतलेले. अशा वेळी मचाणावर ठेवलेली किंवा बाभळीला टेकवून ठेवलेली बंदूक कोणाच्या हाती लागेल याचा नेम नाही. आपल्या लेकरासाठी जे कुलूप, तेच त्यांच्या लेकरासाठी. ते आपल्या उसाला आले आहेत, तेव्हा त्यांच्या मुलांची जबाबदारीही आपलीच आहे.

तसेच फड संपत आला की शेवटच्या पट्ट्यातून डुकरे बाहेर पडतात, आणि पाहायला गर्दी जमते. त्या वेळी बंदूक घेऊन उभे राहणे टाळावे. उसापलीकडे कोण आहे ते दिसत नाही. चहा प्यायला बसताना बंदूक जमिनीवर टाकून जाऊ नये. ती एक तर परवानाधारकाच्या हाती असावी, नाही तर कुलपात. तिसरी जागा नाही.

कायदा काय म्हणतो

१९५९ चा शस्त्र अधिनियम सर्वांना लागू आहे. परवाना जिल्हादंडाधिकारी देतात, आणि तो व्यक्तीचा असतो, घराचा नव्हे. ज्याच्या नावे परवाना नाही, त्याच्या हाती बंदूक सोपविणे, मग तो मुलगा असो, जावई असो की सालगडी, हा गुन्हा ठरू शकतो. २१ वर्षांखालील व्यक्तीला बंदूक बाळगण्यास कायद्याची मनाई आहे. "पोरगा सोळाचा झाला, आता जागलीला बंदूक घेऊन जाऊ दे" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे.

२०१६ च्या शस्त्र नियमांत बंदुकीच्या सुरक्षित वापराचे प्रशिक्षण आणि ती सुरक्षित ठेवण्याची हमी यांची तरतूद आहे. म्हणजे कुलपाची गोष्ट आम्हीच सांगतो असे नाही. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. त्याच दुरुस्तीने निष्काळजीपणे किंवा लग्न-वरातीत आनंदाने बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरली. वरातीतले बार ही शोभा राहिलेली नाही.

आणखी एक गोष्ट. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. रानडुक्कर असो की रोही, त्यांना १९७२ चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू आहे. वनखात्याच्या परवानगीवाचून जनावर मारता येत नाही.

आजोबांची बंदूक

काही घरांत परवानाधारक वारले, पण बंदूक तशीच माळ्यावर पडून आहे. "चालतच नाही ते, गंजलं आहे," असे घरचे म्हणतात. पण ती भरलेली आहे की नाही हे घरात कोणालाच ठाऊक नसते. ज्याला ठाऊक होते ते गेले. अशी बंदूक घरात सर्वांत धोक्याची. कायद्यानेही ती तशी ठेवता येत नाही. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवाना असलेल्या बंदूक विक्रेत्याकडे जमा करून पावती घ्यावी. वारसाला हवी असेल तर त्याने आपल्या नावे परवान्यासाठी रीतसर अर्ज करावा. परवान्याची मुदत संपून गेलेल्यांनाही हेच लागू आहे. ठाण्यात नेण्यापूर्वी मात्र ती भरलेलीच आहे असे धरून चालावे. चाप-घोड्याशी खेळू नये, आणि ठाण्यात आधी कळवून त्यांच्या सांगण्याप्रमाणे न्यावी.

बंदुकीची धाकटी भावंडे

परवाना लागत नाही म्हणून एखादी वस्तू खेळणे होत नाही. माकडे-पाखरे हाकलण्यासाठी आणलेली छर्‍याची बंदूक डोळा फोडू शकते. तीही कुलपातच हवी.

अलीकडे प्लास्टिकच्या पाइपात कार्बाइड आणि पाणी घालून मोठा आवाज करणारी तोफ निघाली आहे. माकडे आणि डुकरे पळविण्यासाठी शेतकरी ती वापरू लागले, आणि पाहता पाहता ती मुलांच्या हाती गेली. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळ आणि इतर ठिकाणी, या कार्बाइड गनने अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाल्या. बार होत नाही म्हणून मुलगा पाइपात डोकावतो, आणि नेमका तेव्हाच बार होतो. ही वस्तू घरी करू नये, आणि मुलांना करू देऊ नये.

डुकरांसाठी कणकेत किंवा मांसात गुंडाळून टाकलेला गावठी बॉम्ब तर सरळ गुन्हाच आहे. तो डुक्कर आणि लेकरू यांत फरक करीत नाही. आपल्या धुऱ्यावर असे काही दिसले तर हात न लावता पोलिसांना कळवावे.

फवारणीचे औषधही याच कुलपाचे हक्कदार आहे. ते बंदुकीच्या पेटीत ठेवू नये, पण कुलपात अवश्य ठेवावे, आणि रिकाम्या बाटलीत पाणी किंवा तेल कधीही भरू नये.

मोठ्यांसाठीही कुलूप

ही गोष्ट लिहावी की नाही, यावर आम्ही बराच विचार केला. आपल्या विदर्भाने फार सोसले आहे. कर्ज, नापिकी, घरातला कलह, परीक्षेतले अपयश, यांनी माणसाचे मन एखाद्या रात्री काळवंडते. कुमार वयाच्या मुला-मुलींचेही तसेच होते. ती वेळ बहुधा टळून जाते. पण त्या वेळी भरलेली बंदूक किंवा उघडी औषधाची बाटली हाताशी असेल, तर सावरायला उसंत मिळत नाही. कुलूप ती उसंत देते.

घरात कोणी खिन्न, गप्प, जेवणखाण सोडलेले असेल, तर बंदूक काही काळ ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे ठेवण्याविषयी विचारावे, आणि किल्ली दुसऱ्या जाणत्या माणसाने सांभाळावी. त्या माणसाला एकटे सोडू नये, त्याच्याजवळ बसून बोलावे. सरकारची 'टेलि-मानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते. यात कमीपणा नाही.

मुलांना काय सांगावे

कुलूप ही पहिली भिंत, शिकवण ही दुसरी. मुलाला भीती घालून उपयोग नाही. "हात लावला तर मारीन" म्हटले की ते लपून हात लावते. त्याला चार गोष्टी पाठ करून द्या: बंदूक दिसली की थांबायचं. हात लावायचा नाही. तिथून दूर जायचं. लगेच मोठ्या माणसाला सांगायचं. सांगायला आलेल्या पोराला "तू तिथं गेलाच कशाला" म्हणून रागावू नका. शाबासकी द्या. रागावलात तर पुढच्या वेळी ते सांगणार नाही.

आणि आपले मूल दुसऱ्याच्या घरी खेळायला जात असेल, तर विचारण्याचा संकोच करू नका: "दादा, तुमच्याकडं बंदूक आहे. कुलपात आहे ना?" विचारणाऱ्याने अपमान केला असे मानू नये. उलट घरच्या माणसाने पेटी उघडून न दाखवता कुलूप दाखवावे. यातून भांडण होणार नाही, गावात सावधपणाची रीत पडेल.

आज सायंकाळी

सभासद बंधूंनो, हा लेख वाचून पत्रिका ठेवून देऊ नका. ज्यांच्या घरी बंदूक आहे त्यांनी आजच सायंकाळी उठून पाहावे. बंदूक कोठे आहे? रिकामी आहे का, स्वतः तपासून पाहिले का? कुलूप आहे का? दारू-काडतुसे वेगळ्या कुलपात आहेत का? किल्ली कोणाजवळ आहे? परवान्याची मुदत संपली तर नाही? यांतील एका जरी प्रश्नाचे उत्तर अडले, तरी तेवढे काम उद्यावर टाकू नये.

आरंभी सांगितलेल्या त्या घरी आमचे मदतनीस पुढच्या महिन्यात पुन्हा गेले. ओसरीच्या आतल्या भिंतीला हिरव्या रंगाची लोखंडी पेटी बसविलेली होती आणि तिला कुलूप होते. नातू म्हणाला, "आबाजीनं किल्ली कमरेला बांधली." आजोबा आता हसले नाहीत. "त्या दिवशी रातभर झोप नाही आली जी," एवढेच म्हणाले.

ऊस आडवा झाला तर खोडव्याला पुन्हा फुटतो. एक हंगाम गेला तर दुसरा येतो. लेकरू गेले तर कोणताही हंगाम ते परत आणीत नाही. सर्व सभासदांनी आपापल्या घरचे कुलूप तपासावे, हीच नम्र विनंती.

— शेतकी विभाग, नालवाडी गट